दरबाराची मराठी, छापखान्याची हिंदी, शिवारातली माळवी

इंदूर शहरात १९१७ साली मराठी साहित्य संमेलन भरले. त्याचे अध्यक्ष गणेश जनार्दन आगाशे हे होते. त्याच्या पुढच्याच वर्षी, १९१८ च्या मार्च महिन्यात, त्याच शहरात हिंदी साहित्य संमेलनाचे अधिवेशन झाले व त्याचे अध्यक्षपद मोहनदास करमचंद गांधी यांनी भूषविले. पुढे १९३५ साली असाच योग पुन्हा आला, आणि या वेळी तर एकाच वर्षात. मराठी संमेलनास औंधचे अधिपती भवानराव श्रीनिवासराव पंतप्रतिनिधी अध्यक्ष म्हणून लाभले, तर हिंदी संमेलनास पुन्हा गांधीजी. दोन भाषांची संमेलने अशा रीतीने दोन वेळा जोडीने भरविण्याचा मान ज्याला मिळाला ते हे शहर, आणि ते ना मराठी मुलखातले, ना गंगायमुनेच्या काठचे. त्याच्या वेशीबाहेर पाऊल टाकले की जी भाषा कानी पडे ती तिसरीच होती. तिचे संमेलन मात्र या दोन्ही वर्षी कोणी भरविले नाही.

राष्ट्र घडते तेव्हा त्याच्या भाषांचे काय होते, आणि छापील कागद व नभोवाणी त्यांत कोणता पक्ष घेतात, याचा विचार सामान्यतः मोठ्या राजधान्यांच्या इतिहासावरून केला जातो. इंदूरचा इतिहास त्या दृष्टीने अधिक बोलका आहे; कारण येथे तीन भाषा एकमेकींच्या शेजारी, परंतु अगदी वेगवेगळ्या पायऱ्यांवर बसलेल्या दिसतात.

पहिली पायरी दरबाराची. अठराव्या शतकात मल्हारराव होळकरांच्या बरोबर आणि त्यांच्या मागोमाग दफ्तरदार, कारकून, शिलेदार, भिक्षुक अशी पुष्कळ मराठी कुटुंबे माळव्यात गेली. अहिल्याबाईंनी १७६७ ते १७९५ पर्यंत महेश्वराहून राज्य केले. पुढे १८१८ च्या मंदसोरच्या तहानंतर राजधानी इंदुरास आली. राज्याचे हिशेब, सनदा आणि पत्रे मोडी मराठीत लिहिली जात. नर्मदेच्या उत्तरेस शेकडो मैल गेलेली ही मराठी भाषा सत्तेची भाषा होती. ज्या कुणब्याने शेतसारा भरावयाचा तो माळवी बोले, आणि मोडीत लिहिलेला हुकूम त्याच्यापर्यंत पोचे तो कमाविसदाराच्या आणि पटवाऱ्याच्या तोंडून. मधल्या माणसाने त्यात काय घातले व काय गाळले हे ताडून पाहण्याचे साधन त्या कुणब्याजवळ नव्हते.

अशा या मराठी राजधानीत जे पहिले वर्तमानपत्र निघाले ते ‘मालवा अखबार’. काळ १८४८-४९ चा. हे पत्र हिंदी व उर्दू अशा दोन भाषांत निघत असे. याच्या सोळा-सतरा वर्षे आधी, १८३२ साली, मुंबईत बाळशास्त्री जांभेकरांनी ‘दर्पण’ काढले होते व त्यात एका बाजूस मराठी आणि दुसऱ्या बाजूस इंग्रजी मजकूर असे. राज्यकर्त्याची भाषा एका बाजूस, लोकांची दुसऱ्या बाजूस, असा तो सरळ हिशेब होता. इंदूरच्या पत्राने राज्यकर्त्याची भाषा सोडून बाजारात, छावणीत आणि मदरशात चालणाऱ्या दोन भाषा घेतल्या. यात मराठीचा अवमान शोधण्याचे कारण नाही. ज्यांच्या हाती दफ्तर आहे त्यांना बातमी आधीच कळलेली असते. वर्तमानपत्राची गरज दफ्तराबाहेरच्या माणसाला असते, आणि ते त्याच्या भाषेकडे वळते.

त्या काळी उत्तर हिंदुस्थानातील बहुतेक पत्रे शिळाछापावर निघत, म्हणून लिपीची अडचण फारशी येत नसे. ही अडचण किती मोठी असू शकते हे गोव्याच्या उदाहरणाने कळते. गोव्यात छापखाना आला तो १५५६ साली. फादर थॉमस स्टीफन्स यांचे मराठी ‘क्रिस्तपुराण’ तेथे १६१६ साली छापून निघाले; पण रोमी अक्षरांत, कारण या भाषेच्या लिपीचे खिळे तेथे कोणी पाडलेले नव्हते. देशी भाषेत व देशी अक्षरांत पुस्तके छापली जावीत अशी इच्छा स्टीफन्सने १६०८ च्या आपल्या पत्रात व्यक्त केली होती. ती त्याच्या हयातीत पुरी झाली नाही. श्रीरामपुरास विल्यम कॅरे यांचे मराठी व्याकरण नागरी खिळ्यांत छापले गेले ते १८०५ साली. यंत्र होते, भाषा होती, ओव्या ऐकणारा श्रोताही होता. केवळ खिळा नसल्यामुळे गोव्यातील छापखाना सामान्य मराठी वाचकाच्या उंबऱ्याशी दीर्घकाळ थांबून राहिला.

आता १९१८ कडे वळू. इंदुरात मध्यभारत हिंदी साहित्य समितीची स्थापना १९१० साली झालेली होती व संमेलनाची व्यवस्था तिने अंगावर घेतली. गांधीजी नुकतेच चंपारण्यातून बाहेर पडले होते आणि खेड्याचा सत्याग्रह चालू होता. या धामधुमीतून ते इंदुरास आले ते साहित्यचर्चेसाठी नव्हे. हिंदी म्हणजे उत्तरेकडील हिंदू आणि मुसलमान दोघेही बोलतात आणि नागरी किंवा उर्दू लिपीत लिहितात ती भाषा, अशी व्याख्या त्यांनी या व्यासपीठावरून केली. ही व्याख्या पंडितांना रुचण्याजोगी नव्हती. तीत व्याकरण नाही, शब्दांचे कुळ नाही. कोण बोलतो एवढेच आहे. आणि दक्षिणेत हिंदी शिकविण्यास माणसे पाठविण्याचा जो संकल्प येथे झाला, त्यातून देवदास गांधी मद्रासेस गेले व पुढे दक्षिण भारत हिंदी प्रचार सभा उभी राहिली. या कामासाठी होळकर दरबार व सेठ हुकुमचंद यांच्याकडून देणग्या मिळाल्या. ज्या राजघराण्याचे दफ्तर मराठीतून वाढले त्याने तमिळ मुलखात हिंदी शिकविण्यासाठी पैसा द्यावा, ही गोष्ट त्या वेळी कोणाला विशेष वाटलेली दिसत नाही. आज ती वाटते. त्या पिढीला राष्ट्र हे जोडावयाचे होते. जोडताना कोणाची भाषा आखडणार हा हिशेब पुढच्या पिढ्यांनी मांडला.

हा पैशाचा भाग झाला. माणसांचा भाग याहून मोठा आहे. हिंदी वर्तमानपत्रांचा इतिहास चाळू लागले की मराठी आडनावे पानोपानी भेटतात. माधवराव सप्रे यांनी १९०० साली पेंड्रा येथून ‘छत्तीसगढ मित्र’ हे मासिक काढले व १९०७ साली नागपुरातून टिळकांच्या ‘केसरी’चा सूर हिंदीत उतरविणारा ‘हिंद केसरी’ काढला. ‘गीतारहस्य’ आणि ‘दासबोध’ हिंदी वाचकांच्या हाती दिले ते त्यांनीच. बाबूराव विष्णु पराडकर काशीस जन्मले. १९२० साली तेथे निघालेल्या ‘आज’ या दैनिकाला त्यांनी जी भाषा दिली, तीत घडलेले कित्येक शब्द पुढे सर्व हिंदी पत्रांनी उचलले. पराडकरांचे मामा सखाराम गणेश देउस्कर यांची कथा आणखी वेगळी. देवघरच्या या मराठी गृहस्थाने बंगालीत ‘देशेर कथा’ हे पुस्तक लिहिले. इंग्रजी राज्याने हिंदुस्थान कसा निर्धन केला याचा त्यात आकड्यांनिशी हिशेब होता. १९०४ साली ते निघाले व १९१० साली सरकारने ते जप्त केले. भाच्याने त्याचा हिंदी अनुवाद केला. मराठी घर, बंगाली पुस्तक, हिंदी अनुवाद! एका कुटुंबातील दोन पिढ्यांत हिंदुस्थानच्या तीन भाषा राबल्या, त्याही एकाच कामासाठी.

या माणसांनी आपली भाषा टाकली असे म्हणणे अन्यायाचे होईल. ती घरात होती, देवघरात होती, पत्रव्यवहारात होती. परंतु ज्या गावात ते राहत तेथील वाचक हिंदी होता, आणि वर्तमानपत्र हा वाचकासाठी असतो, संपादकाच्या आजोबांसाठी नव्हे. महाराष्ट्रातून आलेली निबंधाची शिस्त, टिळक-आगरकरांच्या वादाची धार आणि मुद्द्यास मुद्दा देण्याची सवय एवढी शिदोरी या मंडळींनी बरोबर नेली. हिंदी गद्य तेव्हा अजून बसावयाचे होते. ते बसविण्यात बाहेरच्या भाषेतून आलेल्या माणसांचा हात लागला हे हिंदीचे भाग्य म्हटले पाहिजे. कारण परक्या दाराने आलेला मनुष्य शब्द उचलताना दहा वेळा पारखून घेतो.

१९३५ च्या अधिवेशनाची हकीकत थोडक्यात. त्या वेळी नागरी लिपीच्या सुधारणेसाठी एक समिती नेमण्यात आली व तिची धुरा काका कालेलकरांकडे आली. हे गृहस्थ साताऱ्यात जन्मलेले, घरी मराठी बोलणारे आणि गुजराती साहित्यात मानाचे स्थान मिळविलेले. स्वरांची निरनिराळी चिन्हे सोडून ‘अ’ लाच काना, वेलांटी, उकार द्यावेत, म्हणजे ‘इ’ च्या ऐवजी ‘अि’ आणि ‘उ’ च्या ऐवजी ‘अु’ लिहावे, ही सूचना या चळवळीतली. रत्नागिरीहून सावरकरही हेच सांगत होते, आणि वर्धेची राष्ट्रभाषा प्रचार समिती आपली पुस्तके या पद्धतीने छापीत असे. आज ती पाने विचित्र दिसतात. परंतु नागरीच्या केसमध्ये शेकड्यांनी खिळे हाताळणाऱ्या जुळाऱ्याच्या बोटांचा विचार त्यात होता. रोमी लिपीच्या मानाने नागरी दैनिक काढणे किती खर्चाचे, हे ज्याने छापखाना चालविला त्यालाच कळत असे. संगणकाने हा प्रश्न मिटविला आणि ‘इ’ व ‘उ’ वाचले.

स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर, ५ जून १९४७ रोजी, इंदुरातून ‘नई दुनिया’ हे हिंदी दैनिक निघाले. त्याचे संपादकत्व दीर्घकाळ राहुल बारपुते यांच्याकडे होते. म्हणजे पुन्हा एक मराठी घर. बारपुते यांच्या भोवती चित्रकार विष्णु चिंचाळकर, देवासचे कुमार गंधर्व, नाटकवाले बाबा डिके अशी मंडळी जमत. त्यांच्या गप्पांत मराठी चाले आणि सकाळी जो अंक निघे तो स्वच्छ हिंदीत. या पत्राची विशेष ख्याती होती ती त्यातील वाचकांच्या पत्रांबद्दल. नळाचे पाणी, शाळेची फी, साहित्यातले वाद, व्हिएतनामची लढाई, जे सुचेल त्यावर वाचक लिहीत आणि संपादक ते छापीत. बेनेडिक्ट अँडरसन या अभ्यासकाने १९८३ साली असे मांडले की, ज्यांची कधी भेट होणार नाही अशा लाखो माणसांना एकाच सकाळी एकच वर्तमानपत्र वाचताना आपण एका समाजाचे आहो असे वाटू लागते, आणि राष्ट्र ही कल्पना तेथे धरते. इंदूरच्या वाचकाला ही कल्पना कोणी समजावून देण्याची गरज नव्हती. आपले पत्र छापून आलेले पाहिले म्हणजे आपणही या देशाच्या कारभारात बोलतो हे त्याला पटत असे. याच पत्रात तयार झालेले राजेंद्र माथुर पुढे दिल्लीस ‘नवभारत टाइम्स’चे संपादक झाले आणि प्रभाष जोशी यांनी १९८३ साली ‘जनसत्ता’ची उभारणी केली. जोशींच्या लेखणीतून माळवी वळणाचे शब्द राजधानीच्या हिंदीत शिरले, हा त्या शिवाराने फेडलेला थोडासा सूड म्हणावा.

मराठीच्या बाजूस याच वर्षांत काय घडले? २८ मे १९४८ रोजी होळकर राज्य मध्यभारत संघात विलीन झाले. दरबार संपला, त्याबरोबर दरबाराच्या भाषेचा आधारही संपला. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा तर एक चमत्कारिक अदलाबदल झाली. जुन्या मध्यप्रदेशात, म्हणजे नागपूर राजधानी असलेल्या प्रांतात, हिंदीबरोबर मराठीलाही राजभाषेचे स्थान होते. त्या दिवशी विदर्भाचे आठ मराठी जिल्हे त्या राज्यातून निघून मुंबई राज्यात गेले आणि इंदूर-ग्वाल्हेरचा मध्यभारत नव्या मध्यप्रदेशात आला. इंदूरची मराठी मंडळी आत येत असतानाच त्यांचा भाषिक आधार दुसऱ्या दाराने बाहेर पडला. भाषावार प्रांतरचना ही मराठी माणसाच्या दृष्टीने न्यायाचीच गोष्ट होती, आणि त्यासाठी १०५ जणांनी प्राण वेचले. परंतु प्रत्येक सीमारेषेच्या पलीकडे काही घरे राहतात. इंदूरच्या घरांनी तक्रारीचा सूर फारसा लावला नाही. मराठी शाळा, गणेशोत्सव, महाराष्ट्र साहित्य सभा यांच्या बळावर त्यांनी आपली भाषा सांभाळली, आणि २००१ साली विजया राजाध्यक्ष यांच्या अध्यक्षतेखाली मराठी साहित्य संमेलन पुन्हा एकदा आपल्या शहरात भरविले. मात्र वर्तमानपत्र ही त्यांची भाषा राहिली नाही. नोकरी, न्यायालय आणि बाजार तर नाहीच. मुक्तिबोध घराण्यात याचे चित्र स्पष्ट दिसते. गजानन माधव मुक्तिबोध इंदूरच्या होळकर महाविद्यालयात शिकले व हिंदीचे अग्रगण्य कवी झाले. धाकटे शरच्चंद्र मराठीत लिहीत राहिले. एका ओसरीवर वाढलेल्या दोन भावांचा वाचकवर्ग एक राहिला नाही.

आता तिसरी पायरी, शिवाराची. १९२४ साली इंदुरात वनस्पति उद्योग संस्था सुरू झाली व आल्बर्ट हॉवर्ड हे तिचे संचालक झाले. पालापाचोळा, शेण आणि गोठ्यातील मूत्रमाती यांचे थर लावून खत कुजविण्याची जी रीत त्यांनी येथे बसविली ती ‘इंदूर पद्धत’ या नावाने जगभर गेली. तिचे पुस्तक १९३१ साली निघाले, इंग्रजीत. पुढे सेंद्रिय शेतीचे जे पंथ विलायतेत व अमेरिकेत निघाले त्यांनी हॉवर्डना गुरुस्थानी मानले. ज्या शहराचे नाव त्या खताला मिळाले त्याच्या भोवतालच्या खेड्यांतला शेतकरी ना इंग्रजी वाचणारा, ना हिंदी वाचणारा. संस्थेच्या कुंपणाच्या आत जाऊन ज्याने काम पाहिले त्याला ते कळले. इतरांसाठी ते पुस्तक बंदच राहिले.

इंदूरचे नभोवाणी केंद्र २२ मे १९५५ रोजी सुरू झाले. मराठीत ‘नभोवाणी’ हा शब्द रूढ असता सरकारने म्हैसूरच्या जुन्या खासगी केंद्राचा ‘आकाशवाणी’ हा शब्द पत्करला. त्या वेळी नभोवाणीचे मंत्री बाळकृष्ण केसकर हे मराठीच होते, हा योगायोग नमूद करण्याजोगा आहे. इंदूर केंद्राने ग्रामीण श्रोत्यांसाठी जो कार्यक्रम चालविला त्यात नंदाजी आणि भेराजी अशी दोन पात्रे माळवीत गप्पा मारीत. बियाणे केव्हा पेरावे, पिकावरच्या किडीला काय करावे, मंडईत भाव काय चालला आहे, हे सर्व त्या गप्पांच्या ओघात येई. ही पात्रे इतकी लोकप्रिय झाली की माळव्यातील माणसे त्यांची नावे घरच्या माणसांसारखी घेत. अक्षरओळख नसलेल्या माणसाशी राज्याने त्याच्या भाषेत, मध्ये पटवारी न घालता, दररोज बोलावे ही गोष्ट त्या मुलखात नवी होती.

याच सुमारास मराठी मुलखात एक मोठा प्रयोग झाला. कॅनडात १९४१ पासून शेतकऱ्यांची श्रवणमंडळे चालत असत. त्या धर्तीवर युनेस्कोच्या साहाय्याने १९५६ च्या फेब्रुवारी ते एप्रिल या काळात मुंबई राज्याच्या पाच मराठी जिल्ह्यांतील सुमारे दीडशे गावांत अशी मंडळे स्थापन झाली. आठवड्यातून दोनदा, असे एकूण वीस कार्यक्रम पुणे केंद्रावरून झाले. गावकऱ्यांनी एकत्र बसून ऐकावयाचे, मग त्यावर आपसांत बोलावयाचे आणि आपल्या शंका केंद्राकडे पाठवावयाच्या, अशी योजना होती. टाटा समाजविज्ञान संस्थेच्या वतीने पॉल न्यूराथ यांनी याची पाहणी केली. त्यात असे आढळले की, ज्या गावात नुसता रेडिओ होता त्यापेक्षा जेथे मंडळ होते तेथील लोकांच्या माहितीत स्पष्ट भर पडली होती. म्हणजे गुण यंत्रात तेवढा नव्हता; ऐकलेल्या गोष्टीवर आपल्या बोलीत वाद घालता येण्यात होता. १९५९ च्या अखेरीस ही योजना देशभर नेण्यात आली. पुढे ती सरकारी कामाच्या रीतीप्रमाणे कागदावर वाढली आणि गावात सुकली.

इटलीचे राज्य १८६१ साली एक झाले तेव्हा, भाषापंडित तुल्लिओ दे माउरो यांच्या अंदाजाप्रमाणे, शेकडा अडीच माणसेच इटालियन भाषा वापरू शकत होती. तेथे १९५४ साली सुरू झालेल्या दूरचित्रवाणीने एक भाषा घरोघर नेली आणि १९६० पासून आल्बेर्तो मांझी या शिक्षकाने पडद्यावरून प्रौढांना लिहावाचावयास शिकविले. आपल्या सांज्याच्या पाठाला ओसरीवर, कॅफेत माणसे जमत. परंतु त्या पाठात बोली बाहेर ठेवून प्रमाणभाषा आत घ्यावयाची होती. इंदूरच्या नंदाजी-भेराजींनी उलट केले. त्यांनी बोलीलाच यंत्रापुढे बसविले. माळवीला हा मान ध्वनिक्षेपकावर मिळाला, पाटीवर मिळाला नाही. शाळेचे क्रमिक पुस्तक, न्यायालयाचा निवाडा आणि सकाळचे दैनिक हिंदीतच राहिले.

संविधानाच्या आठव्या अनुसूचीत १९५० साली ज्या चौदा भाषा होत्या त्यांत हिंदी आणि मराठी दोन्ही आहेत. माळवी तेव्हाही नव्हती आणि पुढे ज्या भाषांची भर पडली त्यांतही नाही. २०११ च्या शिरगणतीत ५२ लाखांवर लोकांनी आपली मातृभाषा माळवी म्हणून लिहविली. शिरगणतीच्या तक्त्यात तो आकडा हिंदीच्या बेरजेत मिळविलेला आहे.